रेक्झिनचा बिनशिवणीचा पट्टा बकलापाशी पुन्हा पुन्हा सुटतोय?

तक्रार बहुतेक एकच असते. साडीवर किंवा कुर्त्यावर घालायचा पट्टा घरी केला, दिसायला झकास झाला, दोन-तीन कार्यक्रम निघाले आणि बकलापाशी दुमड उघडली. परत चिकटवली, परत उघडली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून दुसरा, जास्त भारी गोंद आणला जातो आणि तोही महिन्याभरात हात टेकतो. गोंदाला दोष देण्याआधी ओढ कुठल्या दिशेनं येते ते बघा. गडबड बहुतेक वेळा तिथंच असते.

चिकटवलेले दोन थर एकमेकांवरून सरकवायला गेलात तर साधं रबरी सोल्यूशनसुद्धा (पिवळा रबरी गोंद) भरपूर जोर झेलतं, कारण तो जोर चिकटलेल्या सगळ्या भागावर वाटला जातो. तेच थर टोकाकडून उचलले की सगळा जोर एका बारीक रेषेवर येतो आणि केळ्याची साल निघावी तसे ते सुटत जातात. बकलाच्या दांडीभोवतीची दुमड दोन्हीकडून भरडली जाते. पट्टा कमरेला ताणला की थर सरकू पाहतात, तिथं गोंद टिकतो. पण बसता-उठताना बकल वर-खाली डुलतं आणि दांडी दुमडीचं तोंड फाकवत राहते, तिथं गोंद टिकत नाही. शिवलेल्या पट्ट्यात बकलाला लागून जी आडवी शिवण असते ती नेमकी हे फाकणं थांबवते. शिवण नको असेल तर त्या जागी रिव्हेट (ठोकून मिटवायचा धातूचा खिळा) पाहिजेच. रिव्हेट नसेल तर कुठल्याही गोंदानं काम तात्पुरतंच होतं.

आधी सुटलेली जागा बघा

सुटलेला भाग लगेच पुसून-खरवडून काढू नका. दुमड पूर्ण उघडून उजेडात धरा. कारण तिथंच दिसतं.

सगळा गोंद एका बाजूला आणि दुसरी बाजू कोरी, चकचकीत: गोंदानं त्या बाजूला पकडच घेतली नाही. हा प्रकार सर्वांत जास्त, आणि त्याचं मूळ पट्ट्याच्या रचनेत आहे. बहुतेक जण आधी पूर्ण लांबीचे दोन थर पाठीला पाठ लावून चिकटवतात, म्हणजे दोन्हीकडून रेक्झिनची चांगली बाजू दिसते. मग तयार पट्टा बकलातून ओवून दुमडतात. आता दुमडीत अस्तराची (आतल्या थराची) चकचकीत बाजू अस्तराच्याच चकचकीत बाजूला भिडली. त्या बाजूवर गुळगुळीत लेप असतो, तो सोल्यूशनला नीट धरत नाही. कितीही दाबा, नखानं सोलून निघणार.

दोन्ही बाजूंना गोंदाचा पातळ, कोरडा पापुद्रा, पण एकमेकांत मिसळलेला नाही: सोल्यूशन जोडण्याआधी जास्त वाळलं, किंवा दाब कमी पडला, किंवा पावसाळी हवेत त्यावर ओल धरली.

तारा, फुगे, आणि उघडल्यावर अजून वास: घाई झाली. रेक्झिनचा लेप हवा आत-बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळं ओलं सोल्यूशन आत कोंडलं की ते आठ-आठ दिवस वाळत नाही.

गोंद शाबूत, पण रेक्झिनच्या पाठीचं कापडच लेपापासून सुटून आलंय: इथं गोंद रेक्झिनपेक्षा मजबूत ठरला. माल हलका आहे. गोंद बदलून उपयोग नाही. मागं कॅनव्हास आणि मधे रिव्हेट, किंवा सरळ दुसरं रेक्झिन.

पहिले दोन-तीन महिने ठीक, मग सोल्यूशन चिकचिकीत, च्युइंगमसारखं: माल पीव्हीसीचा आहे (रेक्झिनवरचा प्लॅस्टिकचा लेप पीव्हीसीचा किंवा पीयूचा असतो). पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव मिसळलेला असतो. तो हळूहळू बाहेर झिरपतो आणि रबरी सोल्यूशनला मऊ करतो. उन्हाळ्यात हे लवकर होतं. अशा मालाला बूट-चप्पलवाले तळ जोडायला वापरतात ते पीयू सोल्यूशन लागतं.

पीव्हीसी की पीयू हे दुकानदाराला विचारलं तर तो सांगतो. स्वतः ओळखायचं तर कापलेली कड बघा. पीव्हीसीत प्लॅस्टिकचा थर जाड दिसतो, हाताला जड आणि थंड लागतो. पीयूत वरचा लेप पातळ आणि खालचं कापड जाड, घडी मऊ पडते. तुकडा जाळून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पीव्हीसी जळताना निघणारा धूर घसा आणि डोळ्यांना बाधतो.

कुठला गोंद कुठं नापास

पांढरा फेव्हिकॉल पाणी उडून वाळतो. दोन रेक्झिनच्या मधे पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही, म्हणून कडेला वाळतो आणि मधे ओला राहतो. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद वाळल्यावर काचेसारखा कडक होतो आणि पट्टा वाकला की तडकतो. त्याचा उपयोग एखादा खडा जागेवर धरण्यापुरता. ग्लू गनचा गोंद उन्हात उभ्या गाडीत मऊ पडतो आणि गुळगुळीत लेपावरून सालीसारखा निघतो.

पीयू रेक्झिनला फेव्हिकॉल एसआर 998सारखं पिवळं रबरी सोल्यूशन पुरतं. एका पट्ट्याला लहान डबी खूप झाली, मोठा डबा घेऊ नका. उघडझाक करून तो घट्ट होतो आणि मग थिनर ओतून पातळ करायचा मोह होतो. असं पातळ केलेलं सोल्यूशन दुमडीला वापरू नये. वापरताना खिडकी उघडी ठेवा. गॅस, उदबत्ती, देवघरातला दिवा, काही पेटलेलं त्या खोलीत नको, याची वाफ पेट घेते.

दुमड न सुटणारी रचना

उदाहरण म्हणून 32 इंच कंबर आणि 40 मिमी आतली रुंदी असलेलं बकल धरू. कंबर कपड्यावरून मोजा, साडीच्या निऱ्यांवरून घालणार असाल तर निऱ्यांवरूनच. बकलाच्या दांडीपासून मधल्या भोकापर्यंत 32 इंच, तिथून टोकापर्यंत 6 इंच, दुमडीला 3 इंच. एकूण 41 इंच. रेक्झिनचा ताका बहुधा 54 इंच पन्ह्याचा येतो, म्हणजे 45 इंच कमरेपर्यंत पट्टी पन्ह्यात आडवी बिनजोड निघते आणि पाव मीटर कापडात दोन पट्ट्यांचा माल बसतो. आडवी पट्टी उभीपेक्षा जास्त ताणते, हे मात्र लक्षात ठेवा. पुढं निवार (जाड विणलेली सुती पट्टी) घालायची ती त्यासाठी.

वरचा थर 39 मिमी रुंद, 41 इंच लांब. बकलात 1 मिमी मोकळीक लागते, नाहीतर कडा घासून उघडतात. अस्तर 50 मिमी रुंद कापा, जास्तीचं नंतर छाटायचं आहे. मधे 1 इंची सुती निवार पट्टी. निवार मधोमध आली की दोन्ही बाजूंना सात-सात मिमी जागा उरते आणि तिथं वरचा थर व अस्तर थेट एकमेकांना, पाठीला पाठ लागून चिकटतात. कड धरून ठेवते ती ही सात मिमी.

आता मुद्द्याची गोष्ट: अस्तर बकलापर्यंत न्यायचं नाही. दांडीपासून 3 इंच आधी थांबवायचं. मग दुमडून आलेली वरच्या थराची जीभ कापडी पाठीनं निवारीवर आणि कापडी पाठीवर बसते, आणि तिचं टोक अस्तराच्या टोकाला येऊन भिडतं. दोन्ही साधारण 1 मिमी जाड असल्यानं जोड हाताला जवळजवळ लागत नाही, आणि चकचकीत बाजू कुठंच गोंदात येत नाही. एवढा एक बदल केला तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

दांडीभोवती एकटं रेक्झिन ताण घेऊ नये म्हणून दुमडीच्या रेषेवर, वरच्या थराच्या पाठीला, 25 मिमी रुंद आणि 12 सेंमी लांब जाड कॅनव्हास आधी चिकटवा. बकलाच्या काट्यासाठी चीर हवी: रेषेच्या दोन्ही बाजूंना साडेसात मिमीवर 5 मिमी पंचानं एकेक भोक, मग दोन भोकांमधला भाग कटरनं सरळ काढायचा. एकूण चीर 20 मिमीची होते. नुसत्या कटरनं चौकोनी चीर पाडली तर कोपऱ्यातून फाटत जाते. गोल भोकाला फाटायला कोपरा नसतो. निवार चिरीच्या अलीकडं, दांडीपासून 12 मिमीवर संपवा.

रिव्हेट तीन. दोन शेजारी-शेजारी दांडीपासून 18 ते 20 मिमीवर, एकमेकांत 15 मिमी अंतर ठेवून; तिसरं 60 मिमीवर, जिभेच्या टोकाच्या थोडं अलीकडं. त्यांच्यामधे पट्ट्याचं टोक अडकवायची कडी बसते. तोंड फाकणं थांबवतात ती पहिली दोन, त्यांच्यात काटकसर नको. इथं सगळे थर मिळून जाडी साडेतीन मिमीच्या आसपास भरते. दुटोपी रिव्हेटचा दांडा थरांतून 2 ते अडीच मिमी वर यायला हवा, म्हणून 6 मिमीचा घ्या. लांब दांडा ठोकताना आत वाकतो आणि टोपी तिरकी बसते. आखूड असेल तर टोपी अडकल्यासारखी वाटते आणि पहिल्याच ओढीला उडते. भोक दांड्याएवढंच, 3 मिमी. खाली लोखंडी ठोकळा ठेवून एक-दोन सरळ ठोके; लाकडावर किंवा फरशीवर ठोकलं तर रिव्हेट नीट मिटत नाही आणि फरशी मात्र फुटते.

चिकटवण्याचा क्रम असा. कापडी पाठीवर सोल्यूशनचा पहिला हात कापड पिऊन टाकतं, तो पूर्ण वाळू द्या. दुसरा पातळ हात दोन्ही पृष्ठभागांना द्या. उन्हाळ्यात 10 ते 15 मिनिटं थांबा. बोटाची पाठ लावून बघा: चिकट लागलं पण तार निघाली नाही, की जोडायची वेळ झाली. हे सोल्यूशन वजन ठेवून रात्रभर दाबायच्या जातीचं नाही. त्याला एकदाच, पण जोराचा दाब लागतो. लाटण्याला कापड गुंडाळून मधून कडेकडं रेटा, मग हातोडीनं हलके ठोके. भोकं आणि रिव्हेट दुसऱ्या दिवशी.

आधीच सुटलेला पट्टा वाचवायचा तर

अस्तर पूर्ण लांबीला लागलेलं असेल तर दुमड उघडून आतलं 6 इंच अस्तर हळूच सोलून काढा, रापीनं किंवा कटरनं सरळ रेषेत कापून टाका. जुना रबरी गोंद बोटानं चोळून गोळ्या करत निघतो. थिनरनं पुसू नका, लेप मऊ होऊन सुरकुततो. अस्तर निघतच नसेल तर चकचकीत बाजू 120 नंबरच्या पॉलिश पेपरनं चकाकी जाऊन ती मळकट दिसेपर्यंत घासा, स्पिरिटच्या फडक्यानं पुसा, मग सोल्यूशन. पकड बरी येते, तरी कापडी पाठीची सर नाही, म्हणून तोंडापाशी रिव्हेट दोनाऐवजी तीन-चार मारा. रिव्हेटची हत्यारं नसतील तर पट्टा घेऊन चप्पल-बॅग दुरुस्त करणाऱ्याकडं जा, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि एक पर्याय कोल्हापुरात तरी कुणाला नवा नाही. जुन्या घडणीची कोल्हापुरी चप्पल खिळ्याशिवाय, चामड्याच्या वादीनं बांधलेली असते. तीच वादी 3 मिमीच्या चार भोकांतून फुलीसारखी ओवून मागं गाठ मारली तर दुमडीचं तोंड रिव्हेटइतकंच घट्ट राहतं, आणि दिसतंही जास्त छान. वादी खऱ्या चामड्याची घ्या. सुभाषनगर भागात चप्पल करणाऱ्यांकडं मिळते. रेक्झिनची कातरलेली पट्टी वादी म्हणून वापरली तर ती ताणून सैल पडते.

कडा उघडतात, आतून सुरकुत्या पडतात

कडा उघडण्याचं कारण अगदी साधं आहे: सोल्यूशन कडेपर्यंत पोचलेलंच नसतं. वर सांडेल या भीतीनं हात दोन मिमी आत थांबतो. म्हणून अस्तर रुंद ठेवायचं, काठोकाठ सोल्यूशन लावून चिकटवायचं आणि मग स्टीलच्या पट्टीला धरून जास्तीचं अस्तर वरच्या थराच्या कडेबरोबर छाटायचं. नवं पातं घाला. बोथट पातं थर कापण्याऐवजी उचलतं.

कड आत दुमडून घेतलेला पट्टा जास्त सुबक दिसतो, पण तिथं 5 मिमी दुमड टिकत नाही, किमान 10 मिमी पाहिजे. टोकाच्या गोलाईत पाठीला छोट्या चिरा द्या, नाहीतर चुण्या पडतात.

सुरकुत्यांचं गणित मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पट्टा टेबलावर सपाट चिकटवला आणि मग कमरेभोवती गोल केला, तर आतल्या थराला बाहेरच्यापेक्षा लहान वर्तुळात मावावं लागतं. दोन थरांमधे 2 मिमी अंतर असेल तर पूर्ण फेऱ्यात हा फरक साडेबारा मिमी होतो. तेवढं जास्तीचं अस्तर जाणार कुठं? ते चुणी होऊन वर येतं, आणि प्रत्येक चुणी म्हणजे सोलायला मोकळं टोक. यावर उपाय सोपा: 10 इंच व्यासाचा स्टीलचा गोल डबा घ्या (32 इंच कमरेला जवळजवळ तेवढाच गोल बसतो). अस्तर शेवटी आतल्या अंगाला यायला हवं. म्हणून डब्यावर आधी अस्तर चांगली बाजू खाली ठेवून कागदी टेपनं धरायचं, आणि त्यावर वरचा थर निवारीसकट बकलाकडून सुरू करून बोटा-बोटानं बसवत न्यायचा. टोकाला अस्तर उरेल, ते छाटा. असा पट्टा नंतर सपाट ठेवला तरी थोडा गोल राहतो. तो दोष नव्हे.

भोकं लांबोळी होतात

पाच भोकं, एकेक इंचावर, 4 किंवा 5 मिमी. मधून निवार गेलेली असेल तर भोक फारसं ताणत नाही, पण पंच मारल्यावर निवारीचे दोरे सुटतात. काडीच्या टोकानं भोकाच्या आत पांढऱ्या फेव्हिकॉलचा थेंब फिरवा. इथं तो चालतो, कारण हवा लागते. मेणबत्तीनं दोरे जाळायला जाऊ नका, शेजारी सोल्यूशन आहे. भोकाला धातूचं आयलेट घालणार असाल तर बकलाचा काटा त्यातून जातो का ते आधी बघा. काटा जाड आणि आयलेट बारीक, अशी जोडी झाली की पट्टाच बाद. टोक एकसारखं गोल कापायचा साचा हवा असेल, म्हणजे दहा-वीस पट्टे करायचे असतील, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्याकडून पोलादी साचा करून घेणं परवडतं. एक-दोन पट्ट्यांसाठी पाच रुपयांचं नाणं ठेवून पेन्सिलनं गोलाई आखली तरी भागतं.

पावसाळ्यातलं काम

जून ते सप्टेंबर या काळात केलेले पट्टे जास्त सुटतात, आणि नवरात्रासाठीची तयारी नेमकी त्याच दिवसांत चालते. सोल्यूशनमधला द्रावक उडताना पृष्ठभाग थंड करतो. हवा दमट असेल तर त्या थंड पापुद्र्यावर वाफ जमते. नीट बघितलं तर सोल्यूशन पांढुरकं दिसतं. त्या अवस्थेत दोन थर दाबले तर मधे पाण्याचा पदर राहतो.

म्हणून सोल्यूशन लावायच्या आधी तुकडे कोमट करून घ्या, हेअर ड्रायरनं दुसऱ्या खोलीत. मग पातळ हात, आणि थांबायची वेळ 20 ते 30 मिनिटं. पापुद्रा पांढुरका झालाच तर तो पूर्ण वाळू द्या, डबीचं झाकण घट्ट लावून ती बाजूला न्या, खिडकी उघडा, आणि मगच ड्रायरची कोमट हवा देऊन पापुद्रा परत चिकट झाला की लगेच दाबा. जास्त वाळलेलं सोल्यूशनही असंच जिवंत होतं. पंख्याखाली वाळवण्यानं वेळ वाचत नाही, वरची कातडी वाळते आणि आत ओलं राहतं. मुसळधार चालू असेल त्या दिवशी कापाकापी आणि पंचिंग करून ठेवा, चिकटवणं उघडीप बघून.

सजावट

खडे आणि टिकल्या पडतात त्या पट्टा वाकतो म्हणून. 8 मिमीहून मोठा सपाट खडा वळणावर कडेनं उचलला जातोच. मोठं काही लावायचं तर मागून पाकळ्या मुडपायचे स्टड घ्या आणि ते अस्तर लावायच्या आधी बसवा, म्हणजे मुडपलेल्या पाकळ्या अस्तराखाली जातात, साडीला अडकत नाहीत. चपलेवर असते तशी तीन पदरी वेणी पट्ट्यावर मधोमध सुंदर दिसते. तिची दोन्ही टोकं रिव्हेटखाली दाबा, मधे दर 3 इंचांवर सोल्यूशनचा ठिपका पुरे. पूर्ण लांबी चिकटवली तर वेणी ताठ होते. गोंडे लोंबते असतात, त्यांना कायम ओढ बसते, म्हणून ते आयलेटमधून ओवायचे, चिकटवायचे नाहीत.

तयार पट्टा गुंडाळी करून सैल ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका. दमट कोंदटीत पीयूचा लेप पापुद्रे सोडतो. गडद पीव्हीसी पट्टा फिक्या पट्ट्याला खेटून ठेवला तर रंग उतरतो, आणि तो डाग पुसून जात नाही. विकायला ठेवणार असाल तर चिठ्ठीवर रेक्झिन असं स्पष्ट लिहा. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते चामड्याच्या चपलेला. त्या नावाखाली रेक्झिनचा पट्टा खपवू नये.